'हँग होतोय? हे सहा उपाय करा': त्या मेसेजचं एकेक करून

'ऑफिसातला कॉम्प्युटर स्लो झालाय, हँग होतोय? हार्डवेअरवाल्याला बोलवू नका, घरच्या घरी हे सहा उपाय करा.' हा मेसेज मला एव्हाना चार जणांनी पाठवलाय. उपाय असे: एफ ५ दाबून रिफ्रेश करत राहा, टेम्प आणि प्रीफेच फोल्डर रिकामे करा, रजिस्ट्री क्लीनर चालवा, डिफ्रॅग करा, रॅम दुप्पट करा, आणि तरीही जमलं नाही तर सरळ फॉरमॅट मारा. नक्की काय अडतंय ते आधी बघा, असं मात्र त्यात कुठेच नाही.

रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा मांडले जातात, बस. रॅम त्याने मोकळी होत नाही. हाताला चाळा म्हणून दाबायला हरकत नाही. उपयोग होतो तो रीस्टार्टचा, पण तिथेही एक मेख आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन करतानाही विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होतं. म्हणून रोज संध्याकाळी इमानदारीत बंद होणाऱ्या मशीनवरही टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) 'अप टाइम', म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, वीस-पंचवीस दिवसांचा दिसतो. रीस्टार्ट केलं की तो शून्यावर येतो.

टेम्प रिकामा केल्याने जागा सुटते. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर फायदा आहे, नाहीतर नाही. प्रीफेचला मात्र हात लावू नका. कोणता प्रोग्राम उघडताना कोणत्या फायली लागतात, याची टिपणं विंडोज तिथे ठेवतं. ती पुसली की तेच प्रोग्राम आधीपेक्षा उशिरा उघडतात आणि टिपणं नव्याने लिहावी लागतात.

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपल्या सेटिंग ठेवतात ती नोंदवही. तिच्या क्लीनरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा टूलना सपोर्ट देत नाही. रजिस्ट्रीतल्या शेकडो निरुपयोगी नोंदी काढून वेग वाढत नाही, पण कामाची एक उडाली तर प्रिंटर बसू शकतो.

आता डिफ्रॅग, म्हणजे डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फायली सलग लावणं. इथे मेसेज चुकीचा तर आहेच, वर नुकसानही करतो. ते कसं, हे कळायला आधी डिस्कमुळे होणारं हँग बघू.

हँग होण्याचा हा प्रकार ओळखीचा असेल: बिल टाकताना माउस हलतो, पण क्लिक लागत नाही. खिडकी पांढुरकी पडते, वर 'नॉट रिस्पाँडिंग' येतं. बसलेला माणूस वैतागून प्रिंटवर आणखी दोनदा क्लिक करतो. अर्ध्या मिनिटाने साचलेले सगळे क्लिक एकदम लागतात आणि एकाच बिलाच्या तीन प्रती बाहेर पडतात.

अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. हँग व्हायच्या आधीच उघडून ठेवलात तर उत्तम, कारण हँग झाल्यावर तोही उघडायला वेळ घेतो. सीपीयू पाच-सहा टक्के, मेमरी (म्हणजे रॅम) निम्मी मोकळी, पण डिस्क १०० टक्के आणि वाचनाचा वेग सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही, असं दिसलं तर 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे धडधाकट डिस्कवर हलक्या कामात हा आकडा दहा-वीसच्या आसपास राहतो. तुमच्याकडे तो हजारांत असेल तर डिस्क बहुधा एखाद्या खराब सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या तुकड्यावर) अडकून तेच तेच वाचायचा प्रयत्न करतेय आणि बाकी सगळे रांगेत उभे आहेत. विंडोज आपल्या घडामोडींची नोंद जिथे दाखवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क'च्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या तर संशय पक्का समजा.

अशा डिस्कवर डिफ्रॅग म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिने चढायला लावणं. हजारो फायली इकडून तिकडे हलतात आणि उरलीसुरली डिस्कही जाते. एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, असेल तर डिफ्रॅगची गरजच नाही. तिथे फिरणारं काही नसतं, आणि विंडोज ठरलेल्या वेळी स्वतःच ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवतं.

रॅमचा सल्ला तेवढा अर्धा खरा. भर कामाच्या वेळी मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर जात असेल तर जरूर वाढवा. निम्मी मोकळी असताना दुप्पट केलीत तर मोकळी जागा वाढेल, इतकंच. आणि डेटा दुसऱ्या मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर आधी नेटवर्कची केबल बघा. आतली तारांची एखादी जोडी तुटली तरी बऱ्याचदा जोडणी एक गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर उतरून चालूच राहते, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही.

राहिलं फॉरमॅट. नवं विंडोज टाकल्यावर मशीन काही दिवस पळतं, कारण फायली डिस्कच्या दुसऱ्या भागात जाऊन बसतात. खराब सेक्टर आहेत तिथेच असतात. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, तिथली एखादी फाइल उघडून बघा, आणि मग नव्या एसएसडीवर विंडोज टाका. डेटा म्हणजे फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नव्हे. बिलिंगची सॉफ्टवेअर बऱ्याचदा आपला डेटा सी ड्राइव्हवर वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवतात. तो कुठला, हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आधीच बघून लिहून ठेवा. फॉरमॅटनंतर ती सेटिंग बघायला ते सॉफ्टवेअरच उरलेलं नसतं.