अंटार्क्टिकाचं ‘लहान जहाज’ म्हणजे नेमकं किती लहान?

अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या प्रवाशांची मतं वाचताना एक गोष्ट सतत दिसते. जहाज एकच, फेरीही एकच, पण एकाला तो आयुष्यातला सर्वोत्तम प्रवास वाटतो आणि दुसऱ्याला पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. दोघंही खरंच बोलत असतात. यात नशिबाचा भाग असतो, पण थोडा. बाकीचा फरक चार-पाच ठरावीक गोष्टींमुळे पडतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा बुकिंगच्या दिवशीच ठरून गेलेल्या असतात. मुंबई-पुण्याकडची बरीच मंडळी, त्यात साठी-सत्तरी ओलांडलेली जोडपी, हल्ली या सफरीला निघतात. आयुष्यभराच्या बचतीतून एवढी रक्कम बाजूला काढायची, तर निवड डोळसपणे व्हावी एवढीच कळकळ.

सर्वांत आधी बघायचा तो प्रवासीसंख्येचा आकडा. जाहिरातीत १०० प्रवाशांचं जहाजही ‘लहान’ असतं आणि ४९० प्रवाशांचंही. अंटार्क्टिकातल्या पर्यटन कंपन्यांची ‘आयाटो’ ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. तिचे नियम असे: ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही, एका जागी एका वेळी एकच जहाज, आणि किनाऱ्यावर एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी. काही नाजूक जागी ही मर्यादा आणखी कमी आहे. तुमचा रोजचा दिवस कसा जाणार, हे या १०० च्या आकड्यावर ठरतं.

हिशोब करून बघा. १०० च्या आसपास प्रवासी असतील तर सगळे एकदमच बाहेर पडतात. कयाकवाले, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने फिरणारे, दहा-बारा जण वेगळे गेले की उरलेले सरळ किनाऱ्यावर, आणि सलग अडीच-तीन तास मिळू शकतात. १८० ते २०० प्रवासी असतील तर दोन गट पडतात. एक गट किनाऱ्यावर असताना दुसरा झोडिॲकमधून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीतून, हिमनगांमध्ये फिरतो आणि मग अदलाबदल होते. म्हणजे किनाऱ्यावर सव्वा ते दीड तास आणि पाण्यावर तेवढाच. बाहेर राहण्याचा एकूण वेळ मात्र कमी होत नाही. प्रवासी ४०० च्या वर गेले की चार-पाच गट पडतात, आपली पाळी येईपर्यंत जहाजातच बसायचं, आणि बऱ्याच दिवशी दोनऐवजी एकदाच उतरायला मिळतं. ‘आम्ही नुसतं वाट बघत बसलो’ अशी तक्रार दिसली की आधी त्या जहाजाचा आकडा तपासा.

यावरून सर्वांत लहान जहाज सर्वांत चांगलं, असं कुणीही म्हणेल. माझं मत तसं नाही. अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून निघाल्यावर बीगल चॅनल ही सामुद्रधुनी संपली की ड्रेक पॅसेज सुरू होतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ते अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं हे साधारण ८०० किलोमीटरचं उघडं पाणी. पश्चिमेचे वारे इथे पृथ्वीला वळसा घालून येतात, त्यांना अडवायला जमीनच नाही. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. कोकणात आगबोटी चालायच्या तेव्हापासून आपल्याकडे ‘बोट लागणं’ म्हणतात, ते इथे पूर्ण अर्थाने कळतं. १०० प्रवाशांची जुनी जहाजं लांबीला कमी असतात, काहींना स्टॅबिलायझर नसतात, काहींना लिफ्ट नसते. म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला मी १८० ते २०० प्रवाशांचं, स्टॅबिलायझर आणि लिफ्ट असलेलं जहाज सुचवेन. छायाचित्रणासाठी जाणाऱ्याला, तब्येत ठणठणीत असणाऱ्याला १०० चं. स्टॅबिलायझर म्हणजे जहाजाच्या पोटाखालचे दोन पंख. जहाजाला वेग असेल तरच ते नीट काम करतात आणि बर्फात शिरताना आत ओढून घेतात. जहाजाचं डोलणं त्यांनी कमी होतं, थांबत मात्र नाही.

यापुढचा प्रश्न केबिनचा, आणि इथेच लोक जास्त पैसे देऊन त्रास विकत घेतात. जहाज डाव्या-उजव्या अंगाला डोलतं तेव्हा सर्वांत जास्त झोका वरच्या मजल्याला बसतो. पुढे-मागे डोलतं तेव्हा नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि मागचं टोक सर्वांत जास्त वरखाली होतं. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर आणि मधल्या दांड्याजवळ उभं असलेलं पोर यांच्यात जो फरक असतो, तोच इथे. सहाव्या मजल्यावरची पुढच्या बाजूची बाल्कनीवाली केबिन सर्वांत महाग असते आणि ड्रेकमध्ये सर्वांत जास्त हलते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची मधोमधची केबिन स्वस्त, आणि तिथे झोप लागते. खालच्या केबिनला गोल खिडकी असते. लाटा चढल्या की सुरक्षेसाठी तिच्यावर लोखंडी झाकण बसवतात आणि खोलीत अंधार होतो. ‘दोन दिवस खिडकी बंद ठेवली’ ही तक्रार त्यातूनच येते. ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं त्यांनी एक मजला वर, पण मधलीच केबिन घ्यावी.

औषधाचं एकच सूत्र: उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बीगल चॅनलचं शांत पाणी साधारण पाच-सहा तास असतं, गोळी त्या वेळातच घ्यायची. आपल्या घाटातल्या प्रवासाची ॲव्होमिन किंवा स्टुजेरॉन इथेही चालते, पण दोन वेगवेगळी औषधं एकत्र करू नका, गुंगी वाढते आणि हलत्या जिन्यावर माणूस पडतो. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी बऱ्याच जणांना लागू पडते. मात्र काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, आणि वयस्कर माणसांना तिने भ्रम झाल्यासारखं होऊ शकतं. जे काही घेणार ते निघण्याआधी घरी एक दिवस घेऊन बघा. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं थोडं थोडं खा. आणि ड्रेकमधली नेहमीची इजा उलटीची नसते, बोटांची असते. तोल सावरायला लोक दाराची चौकट धरतात आणि जड दार हातावर आपटतं. कायम कठडा धरा, चौकट कधीच नाही.

बुकिंग करताना जवळजवळ कुणीच विचारत नाही असा एक प्रश्न आहे: झोडिॲकमध्ये उतरायचं कसं? जहाजाच्या बाहेरून लोंबणाऱ्या उभ्या जिन्याने, की पाण्याच्या पातळीजवळच्या बाजूच्या दारातून? गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी हे उत्तर जेवणाच्या मेन्यूपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. बोटीत पाय ठेवताना खलाशाचा पंजा धरायचा नसतो. त्याने तुमचा हात मनगटाच्या वर, कोपराकडच्या बाजूला धरायचा आणि तुम्ही त्याचा. ओले पंजे निसटतात, ही पकड निसटत नाही. एक पाय बोटीच्या फुगीर काठावर, दुसरा आत, लगेच बसायचं आणि बसूनच सरकायचं. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत. किनाऱ्यावर उतरताना काठावर बसून पाय मागच्या बाजूने फिरवून बाहेर टाकायचे आणि गुडघाभर पाण्यात सरकत उभं राहायचं.

तिथे एक चूक हमखास होते. वॉटरप्रूफ पँट बुटाच्या आत खोचली की पहिल्याच लाटेला बूट पाण्याने भरतो आणि पुढचे दोन तास पाय बधिर होतात. पँट बुटाच्या वरून हवी. मोजेही दोन घट्ट जोड घालू नका, रक्त पोचत नाही आणि पाय जास्तच गारठतात. एकच जाड लोकरी जोड आणि बुटात बोटं हलवता येतील एवढी जागा. डिसेंबर-जानेवारीत तापमान शून्याच्या आसपासच असतं, गारवा वाऱ्याचा असतो. म्हणून एका भल्या जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर बरे. अंगावर थर्मल, मग फ्लीस, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं काहीतरी. टोपी आणि हातमोजे लाइफ जॅकेट चढवून झाल्यावर शेवटी घाला, नाहीतर आतल्या उबेत घाम येतो आणि बाहेर तोच घाम गार पडतो. हे सगळं चढवायला पहिल्या दिवशी २० मिनिटं लागतात. केबिनमध्ये दोघांनी एकाच वेळी वाकायलाही जागा नसते, म्हणून एकाने आधी, दुसऱ्याने नंतर. गटाची घोषणा झाल्यावर आवरायला घेणाऱ्यांची किनाऱ्यावरची वेळ कमी होते, आणि मग ‘आम्हाला कमी वेळ मिळाला’ असं लिहिलं जातं.

किनाऱ्यावर शौचालय नसतं. तीन तास नसतं. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गोळीची वेळ कशी बदलायची, ते घरच्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं. सकाळचा दुसरा चहाही टाळावा. अवघडलेपणामुळे लोक हे विचारत नाहीत आणि मग भीतीपोटी खाली उतरतच नाहीत, हे वाईट वाटतं.

बर्ड फ्लूनंतर आणखी एक मोठा बदल झाला आहे. हा विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियाच्या भागात सापडला आणि २०२४ च्या सुरुवातीला अंटार्क्टिक द्वीपकल्पावर. तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पिशवीही जमिनीवर ठेवायची नाही. जुन्या फोटोंमध्ये बर्फावर मांडी घालून पेंग्विन बघणारे लोक दिसतात, ते आता विसरायचं. दीड तास उभं राहायची सवय घरूनच करावी लागते. चालायची काठी चालते, तिचं टोक तेवढं येता-जाता जंतुनाशकात बुडवतात. बुटांचंही तेच. पहिल्या दिवशी खिसे आणि वेल्क्रो व्हॅक्यूमने साफ करतात, कारण एखादं गवताचं बी तिथे पोचलं तरी नुकसान कायमचं. हा त्रास वाटून घेऊ नका, ही जागा टिकली आहे ती याच काटेकोरपणामुळे. पेंग्विनपासून ५ मीटर अंतर ठेवायचं. त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा बर्फात खोल रुतलेल्या असतात, तिथे पहिला हक्क त्यांचा.

महिना वेगळा असेल तर मतांची तुलनाच होत नाही. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, पेंग्विन घरटी मांडत असतात, पण लेमेअर चॅनल ही अरुंद सामुद्रधुनी बर्फाने बंद असू शकते. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत पिल्लं असतात आणि रात्र नावापुरती. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्यात हंपबॅक व्हेल भरपूर, पण किनाऱ्यावर चिखल, विष्ठा आणि उग्र वास. ‘फक्त वासच होता’ लिहिणारा आणि ‘व्हेल अगदी बोटीशेजारी आले’ लिहिणारा बहुधा एकाच महिन्यात गेलेले असतात. शिवाय ११ दिवसांच्या सफरीतले प्रत्यक्ष अंटार्क्टिकातले दिवस पाचच. रोज दोन धरले तरी उतरण्याच्या संधी दहाच्या पुढे जात नाहीत, आणि त्यातल्या दोन-तीन वाऱ्यात जातात. नेको हार्बर, कव्हरव्हिल, डिसेप्शन ही नावं वेळापत्रकात असली तरी ते वचन नसतं. रोज संध्याकाळी मोहीमप्रमुख हवामान बघून ठरवतो आणि सकाळी बदलतोही. नावं मोजत बसणारा प्रवासी हमखास नाराज होतो.

ड्रेक टाळायला चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर विमानाने जायची सोय आहे, साधारण दोन तासांची. पण तिथली धावपट्टी खडीची आणि ढग खाली. विमान एक-दोन दिवस अडकलं तर तेवढे दिवस सफरीतून वजा होतात. तरीही ज्यांना घाटात साधी एसटी सोसत नाही, त्यांनी हाच मार्ग घ्यावा.

शाकाहाराचं थोडक्यात. उश्वायात एकदा माल भरला की मधे कुठेही भाजी मिळत नाही. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. चढल्यावर सांगितलं तर सॅलड, पास्ता आणि उकडलेल्या भाज्याच मिळणार. केबिनमध्ये केटल किंवा इंडक्शन वापरू देत नाहीत, आगीचा धोका असतो. नुसत्या गरम पाण्यात होणारी उपमा-पोह्यांची सीलबंद पाकिटं न्या. किनाऱ्यावर मात्र खिशात शेंगदाणाही नको.

निघताना सरावासाठी भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब. तेव्हा झोप काढू नका. २३ नोव्हेंबर २००७ रोजी ‘एक्सप्लोरर’ हे लहान जहाज साउथ शेटलंडजवळ बर्फाने तळ फाटून बुडालं. त्यावरचे सर्व १५४ जण कडाक्याच्या थंडीत काही तास लाइफबोटींमध्ये काढून वाचले. लाइफ जॅकेट कुठे आहे आणि आपली लाइफबोट कोणती, हे त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असावं लागलं.

आणि परतीचा ड्रेक. जाताना सगळे सावध असतात, येताना मात्र पाच दिवस शांत पाण्यात राहून गोळीची आठवण राहत नाही. शेवटचं उतरणं झालं, झोडिॲक वर ओढल्या गेल्या, जहाजाचे बूट परत दिले, की त्याच संध्याकाळी बेटांच्या आडोशातून बाहेर पडण्याआधी गोळी घ्या आणि टेबलावरचं सगळं सामान जमिनीवर ठेवून झोपा.