पैसे भरले म्हणजे सीट आपली का?

२०२१ च्या ऑगस्टातल्या एका सोमवारी संध्याकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर लय महिन्यांनी सगळे जमलेलो. पुराचं पाणी ओसरून तीनेक आठवडे झालेले, दुकानं आत्ता कुठं नीट उघडायला लागलेली, मास्क हनुवटीवर आणि हातात हाफ चहा. विषय काढला सागरनं. आदल्या रात्री, म्हणजे १५ ऑगस्टला, बार्सिलोना-रिआल सोसिएदाद ही स्पेनमधली फुटबॉल मॅच त्यानं जागून बघितलेली, आणि त्याच्या डोक्यात गोलांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच बसलेल्या.

“लाखभर माणूस बसतंय बार्सिलोनाच्या त्या कॅम्प नोऊ स्टेडियमात, परवानगी तीसेक हजाराची, आणि आली किती तर वीस हजाराच्या वर थोडी. मेस्सी क्लब सोडून गेला, मान्य. पण क्लबचे मेंबरच लाखाच्या वर हाईत की! सगळी गेली कुठं?”

“दीड वर्ष दारात उभं केलं न्हाई, सवय मोडली माणसांची,” रोहित म्हणाला. तो लिव्हरपूलवाला, पण ह्या बाबतीत कुठल्याही क्लबच्या माणसाची बाजू घेतो.

मला आठवलं ते मार्चमधलं. ७ मार्चला ह्याच मेंबरांनी मतदान करून लापोर्ताला अध्यक्ष निवडलं, कोरोना चालू असताना, पन्नास हजाराच्या वर लोकांनी मत दिलं, मेस्सीपण पोराला घेऊन मत टाकायला आलता. म्हणजे क्लब कुणी चालवायचा हे ठरवायचा हक्क मेंबरला आहे, तिथं मेंबर म्हणजे मालकच. पण तोच मालक त्या सगळ्या सीझनला स्वतःच्या स्टेडियमात बसू शकला नाही. मला हे तेव्हापण लागलं होतं आणि आत्तापण लागतं.

सागर म्हणाला, “मालक-बिलक सोड, साधा हिशोब सांग. पैसे भरलेत का? भरलेत. मग सीट दे, न्हाईतर पैसे दे. माझ्या दुकानात कुणी अॅडव्हान्स ठेवला आणि माल आलाच न्हाई तर मी काय त्याला पावती बघत बस म्हणू?”

इथंच खरी गाडी पेटली, कारण इंग्लंडातली मेंबरशिप म्हणजे काय हेच आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, कारण माझा चुलतभाऊ, दादा, लीड्सला असतो, आणि तो गेली काही वर्षं एका क्लबचा मेंबर आहे. क्लब कुठला ते लिहीत नाही. वर्षाला ठराविक पाऊंड भरायचे, घरी एक खोका येतो, त्यात कार्ड, बिल्ला, एखादं पत्र. तिकीट नसतं त्यात. तिकीट मागायच्या रांगेत उभं राहायची परवानगी असते. वर्षभराची सीट ज्याची तो सीझन तिकीटवाला, तो वेगळा, त्याचं तिकीट बापाकडनं पोराकडं जावं असं घरात जपलेलं असतं, आणि नवीन माणसाला ते मिळायला कित्येक वर्षं वेटिंग लिस्टमध्ये काढायला लागतात. त्यांच्या सीट सोडून जे उरतं त्यात मेंबर. त्यातही जेवढ्या जास्त मॅचला आधी गेलाय तेवढा नंबर पुढं, उरलेल्यांसाठी ड्रॉ, म्हणजे सोडत. दादाला साध्या दिवसांतपण वर्षाकाठी दोन-तीन मॅच मिळायच्या, आणि तेवढ्यावर तो खुश होता.

मग आला डिसेंबर २०२०. इंग्लंडातला दुसरा लॉकडाऊन २ तारखेला संपला आणि सरकारनं गावांचे तीन टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यातल्या गावात स्टेडियमात जास्तीत जास्त ४,००० माणसं, दुसऱ्यात २,०००, तिसऱ्यात एकपण नाही. लीड्स तिसऱ्यात. दादाचा क्लब दुसऱ्या टप्प्यातल्या गावातला, म्हणजे तिथं गेट उघडं, पण तिसऱ्या टप्प्यातल्या माणसानं प्रवास करून मॅचला यायचं नाही. पत्त्यावरच बाद. पैसे जुलैतच भरलेले. त्यानं मेल केली, परत मेल केली, चार ओळींचं ठरलेलं उत्तर आलं. पैसे परत आले नाहीत आणि पुढच्या वर्षात वळतेपण झाले नाहीत.

“बघ!” सागरनं मांडीवर थाप मारली.

“थांब की लगा,” रोहित म्हणाला, “तू दोन गोष्टी एकात घालतोयस. पैसे परत द्यायला पायजेत, तिथं मी तुझ्याबरोबर. पण त्या २,००० सीट कुणाला द्यायच्या, तिथं तुझा दुकानाचा हिशोब चालत न्हाई.”

आणि मग अमरनं चहाच्या ग्लासाचं बूड कट्ट्यावर टेकवून ओली वर्तुळं काढायला सुरुवात केली. तो बँकेत आहे, आकडा दिसला की त्याला गप्प बसवत नाही. लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड स्टेडियमवर तेव्हा बसायचे चोपन्न हजाराच्या आसपास, त्यातले सीझन तिकीटवाले सत्तावीस हजाराच्या घरात. पहिलं वर्तुळ २,०००. असली तेरा-चौदा वर्तुळं काढली तेव्हा नुसते सीझन तिकीटवाले एकदा आत जाऊन येणार, मेंबराचा नंबर अजून लागलेलाच नाही, आणि लीगमध्ये घरच्या मॅच वर्षाला १९. वर्तुळं कट्ट्याच्या कडेपर्यंत गेली, पहिली वाळायला लागली तरी ह्याचं चालूच. प्रत्यक्षात किती मिळाल्या? वुल्व्ह्ज, स्पर्स, वेस्ट ब्रॉम ह्या टीमांबरोबरच्या डिसेंबरातल्या तीन मॅच. मग लिव्हरपूल पण तिसऱ्या टप्प्यात गेलं, गेट बंद, ते उघडलं थेट २३ मे २०२१ ला, क्रिस्टल पॅलेसच्या मॅचला, १०,००० माणसांना. म्हणजे अख्ख्या सीझनला सोळा हजार जागा. तीस वर्षांनी लीग जिंकलेला क्लब, ते जिंकल्याचं पण २०२० च्या जुलैत रिकाम्या स्टेडियमात साजरं केलेलं, आणि ज्यांनी तीस वर्षं वाट बघितली त्यातल्या बहुतेकांनी ती ट्रॉफी टीव्हीवरच बघितली.

६ डिसेंबरची ती वुल्व्ह्जची मॅच रोहितनं आणि मी एकत्र बघितलेली, आपल्याकडं रात्री पाऊण वाजता सुरू झालेली. ४-० झाली. पण मला आठवतो तो आवाज. जूनपासून टीव्हीवर रेकॉर्ड केलेला गोंगाट ऐकत होतो, आणि त्या रात्री बॉल बाहेर गेल्यावर एक उसासा आला, खरा, थोडा उशिरा, थोडा वाकडातिकडा. रोहित काहीच बोलला नाही, नुसता आवाज वाढवला टीव्हीचा. दोनच हजार माणसं होती हो.

सीट द्यायच्या कुणाला ह्यावर बापूकाकांनी तोंड उघडलं. बापूकाका एसटीतनं रिटायर झालेले, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच म्हटली की चाळीस वर्षं त्याच पायरीवर. “जो पावसात आला, जो हरल्यावर पण आला, तो आधी. त्यात काय इचार करायचा? आमच्यात कुणाकडं कार्ड न्हाई, पण कोण कुठल्या पायरीवर बसतंय ते अख्ख्या पेठेला ठाऊक हाय.”

“पण काका,” अमर म्हणाला, “चाळीस वर्षं येणारा माणूस म्हणजे साठीच्या पुढचा. कोरोनाचा धोका सगळ्यात जास्त त्यालाच. त्यालाच आधी बोलवायचं?”

काका जरा वेळ गप्प झाले. दुसऱ्या लाटेत त्यांचा त्याच पायरीवरचा जोडीदार गेला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मग म्हणाले, “बोलवायचं. यायचं का न्हाई ते त्यो ठरवंल. तुमी परस्पर त्याचं नाव खोडायचं न्हाई.”

मला हे शंभर टक्के पटलं.

अमरचं म्हणणं मुळात वेगळंच होतं, की गेट उघडायचीच घाई कशाला. त्यानं ११ मार्च २०२० काढली. अॅनफिल्डवर अॅटलेटिको माद्रिद, बावन्न हजार लोक, त्यात तीन हजाराच्या आसपास माद्रिदहून आलेले, आणि तेव्हा स्पेनमध्ये स्वतःच्या मॅच प्रेक्षकांविना करायचं ठरलेलं. जे घरच्या स्टेडियमात बसू शकत नव्हते ते विमानानं दुसऱ्याच्या स्टेडियमात आले. रोहितनं वाद घातला नाही, “ती मॅच तशी व्हायलाच नको होती” एवढंच म्हणाला. पण माझं म्हणणं असं की ती चूक आणि डिसेंबरातले ते २,००० ह्या एका मापात मोजायच्या गोष्टी नाहीत. डिसेंबरात तिकीट नावावर, आत यायची वेळ ठरलेली, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या, तोंडाला मास्क. जर्मनीत तर सप्टेंबरातच करून बघितलेलं, डॉर्टमुंडच्या ऐंशी हजाराच्या स्टेडियमात नऊ हजारभर माणसं, पाहुण्या टीमचे प्रेक्षक नाहीत, दारू नाही, उभं राहायचं नाही. आणि डॉर्टमुंडचे सीझन तिकीटवाले तेव्हा पंचावन्न हजार, म्हणजे तिथंपण सहातला एकच आत.

सागरला अजून पैशाचंच लागलेलं, आणि त्यात तो चूक नाहीये. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडात टीव्हीवर काही मॅच बघायला एकेका मॅचचे १४.९५ पाऊंड लावलेले, स्टेडियम बंद, वर हे. तिथल्या लोकांनी ते पैसे मॅचला न देता गावातल्या फूड बँकांना दिले, न्यूकॅसलवाल्यांनी सुरुवात केली, मग बाकीचे, आणि महिन्याभरात ती स्कीम गुंडाळायला लागली. सागर हे ऐकून म्हणाला, “मग तसंच मेंबरशिपचं करा की, सगळ्यांनी मिळून भरूच नका.” रोहित म्हणाला, न भरल्यावर तुझी जागा घ्यायला मागं हजार उभे आहेत, आणि तू परत आलास की शेवटून पहिला. ह्याच भीतीवर क्लब बसलेत, हे मात्र खरं.

मी माझं मत कट्ट्यावर मांडलं ते इथंपण मांडतो. ड्रॉ काढा, पण आधी नेहमी येणाऱ्यांत, आणि ज्याचं नाव एकदा निघालं तो बाकीच्यांचं होईपर्यंत बाजूला. मेंबरांसाठी थोड्या जागा वेगळ्या ठेवा, नाहीतर नवीन माणूस, लांबनं आलेला माणूस, कधीच आतला होणार नाही. आणि ज्या वर्षी गेटच बंद त्या वर्षीचे पैसे न मागता पुढं वळते करा.

बापूकाकांनी मधेच विचारलं, “आपला अनिकेत खेळत हुता की गेल्या हिवाळ्यात, गोव्यात?” अनिकेत जाधव, कोल्हापूरचं पोरगं, जमशेदपूरकडनं. अख्खी आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, गोव्यात झाली, फातोर्डा, बांबोळी, वास्को, पाच-सहा तासांच्या वाटेवर, आणि स्टँडमध्ये एक माणूस नाही. मुंबई सिटीनं १३ मार्चला फातोर्ड्यावर फायनल जिंकली, तीपण रिकाम्या स्टँडसमोर. तिथं तर कार्ड पण नव्हतं कुणाकडं दाखवायला. काका म्हणाले तिकीट असतं तर गाडी करून गेलो असतो सगळे. गेलोच असतो.

रात्री दादाला फोन लावला. ह्या सीझनपासून तिकडं स्टेडियमं पुन्हा फुल्ल झालीत. त्यानं मेंबरशिप पुन्हा भरलीय, सागरला सांगू नको म्हणाला, आणि ह्यावेळी पोरीची ज्युनिअर मेंबरशिप पण काढलीय. आठ वर्षांची आहे. खोका आलाय, कार्ड तिनं उशीखाली ठेवलंय, ड्रॉचा निकाल अजून आलेला नाही, आणि ती रोज सकाळी उठली की पहिल्यांदा बापाचा फोन मागते.