वेस्टर्न ब्लॉट म्हणजे टीपकागद नव्हे

परीक्षा जवळ आली की मुंबईतल्या एमएस्सीच्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास फिरतो: “ब्लॉटिंग म्हणजे टीपकागद. सदर्न डीएनएचं, नॉर्दर्न आरएनएचं, वेस्टर्न प्रथिनांचं, पद्धत एकच. बँड गडद तितकं प्रथिन जास्त. बँड नाही तर प्रथिन नाही.” पाठ करायला सोपा आहे, पण यावर विसंबून प्रयोग लावला तर आठवडा फुकट जातो. ब्लॉटिंगमध्ये जेलमध्ये आकारानुसार वेगळे केलेले रेणू मेम्ब्रेनवर, म्हणजे कागदासारख्या पातळ पडद्यावर, उतरवतात; वेस्टर्नमध्ये मग हवं ते प्रथिन अँटिबॉडीने शोधतात आणि ते पट्टीसारखं दिसतं, तो बँड.

टीपकागदाची उपमा सदर्नला शोभते. एडविन सदर्न यांच्या 1975 च्या पद्धतीत वर रचलेले कोरडे कागद बफर ओढतात आणि त्यासोबत डीएनए जेलमधून मेम्ब्रेनवर चढतो. वेस्टर्नमध्ये मात्र हे काम सहसा वीज करते. एसडीएस या डिटर्जंटमुळे प्रथिनांवर ऋण भार असतो, म्हणून जेल काळ्या (ऋण) इलेक्ट्रोडच्या बाजूला आणि मेम्ब्रेन लाल (धन) इलेक्ट्रोडच्या बाजूला. जेल-मेम्ब्रेनचं हे सँडविच उलटं लागलं की प्रथिन थेट बफरमध्ये जातं. 100 व्होल्टवर तासभर चालवताना टाकी तापते. मे महिन्यातल्या मुंबईत एसी नसेल तर टाकीत बर्फाचा पॅक हवाच. मेम्ब्रेन पीव्हीडीएफचं असेल तर आधी मिथेनॉलमध्ये भिजवा, नायट्रोसेल्युलोजच्या मेम्ब्रेनला ते लागत नाही. आणि सँडविचवर रोलर फिरवायला विसरू नका: जेथे बुडबुडा अडकतो तेथे गोल पांढरा डाग उरतो.

“पद्धत एकच” हे तर साफ चूक. सदर्नमध्ये डीएनएचे दोन पदर सुटे करायला जेल 0.5 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात. आरएनएचे त्यातच तुकडे पडतील, म्हणून नॉर्दर्नचं जेल सहसा फॉर्माल्डिहाइडचं.

आता बँड. प्रथिन किंवा अँटिबॉडी फार झाली की एचआरपी (अँटिबॉडीला जोडलेलं एन्झाइम, जे सबस्ट्रेटपासून सिग्नल उमटवतं) तिथला सबस्ट्रेट संपवून टाकतो आणि सर्वांत भरलेला बँड मधोमध पांढरा दिसतो. मोजमाप करायचं असेल तर एकाच नमुन्याचे 5, 10, 20, 40 मायक्रोग्रॅम शेजारी-शेजारी चालवा. सिग्नल जिथपर्यंत त्याच प्रमाणात वाढतो तिथपर्यंतच तुलना खरी.

बँड न दिसण्याची कारणंही बरीच. लहान प्रथिन 0.45 मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून आरपार जातं, त्याला 0.2 लागतं. अँटिबॉडीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर एचआरपी बंद पडतो. फॉस्फो-प्रथिन (फॉस्फेट जोडलेलं प्रथिन) शोधताना ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनची रिकामी जागा झाकायला, दूध टाळून बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घेतात, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे आणि पार्श्वभूमी काळवंडते. दोष ट्रान्सफरचा की पुढचा ते कळावं म्हणून ब्लॉकिंगच्या आधी पाच मिनिटं पॉन्सो एस या लाल रंगात मेम्ब्रेन बुडवा. लाल पट्ट्या सगळ्या लेनमध्ये (नमुन्यांच्या रांगांत) सारख्या उमटल्या तर ट्रान्सफर झालं आहे, दोष पुढच्या पायऱ्यांत शोधा.