अली विरुद्ध टायसन? आधी राउंड किती ते ठरवा

बॉक्सिंगच्या गप्पांत "मुहम्मद अली जिंकला असता की माईक टायसन?" हा वाद निघाला की लोक लगेच नावांवर हमरीतुमरीला येतात आणि लढतीबद्दल कुणी बोलतच नाही. "काळ वेगळे, तुलनाच नको" म्हणून हात झटकणारेही मला पटत नाहीत. तुलना जरूर करावी. फक्त कुठल्या वर्षीचा अली, कुठल्या वर्षीचा टायसन, राउंड किती आणि वजन कधी करायचं, एवढं आधी ठरवा.

माझा अली 14 नोव्हेंबर 1966 चा, ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्ससमोर उभा राहिलेला. ती फिल्म नीट बघा. मागे सरता सरता तो असे ठोसे मारतो की समोरच्याला पाय रोवायलाच मिळत नाहीत. तिसऱ्या राउंडमध्ये खेळ खल्लास. पुढच्याच वर्षी सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याच्यावर बंदी आली आणि 1970 मध्ये तो परतला तेव्हा ते पाय राहिले नव्हते. बरेच जण टायसनसमोर हा नंतरचा अली उभा करतात. तो अलीवर अन्याय आहे.

टायसनही 1988 चाच घ्यावा. मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवणारा, कोपऱ्यात प्रशिक्षक केविन रूनी असलेला, डोकं सतत हलवत आत घुसणारा. 1990 मध्ये टोकियोत डग्लसकडून हरलेला टायसन इथे आणू नका, तो वेगळा माणूस होता.

माझा कौल अलीला, पण सुखासुखी नाही. समोरच्याचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, हा अलीचा कच्चा दुवा. 1963 मध्ये हेन्री कूपरने त्याच ठोशाने त्याला पाडलं, 1971 मध्ये जो फ्रेझरने पंधराव्या राउंडमध्ये. टायसनचा डावा हुक त्या दोघांच्याही हुकपेक्षा वेगात यायचा. म्हणून पहिले चार राउंड अलीच्या जिवावरचे. ते निभावले तर पुढे जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), पाय आणि जवळ आल्यावर मानेला धरून जखडणं, यात टायसन थकत जाणार. चारच राउंड असतील तर मी टायसनच्या बाजूने.

आणि कृपा करून "याने त्याला हरवलं, म्हणून हा मोठा" असला हिशेब मांडू नका. फ्रेझरने अलीला हरवलं. त्याच फ्रेझरला 1973 मध्ये जॉर्ज फोरमनने दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली लोळवलं. मग 1974 मध्ये किन्शासात फोरमनला अलीने आठव्या राउंडमध्ये पाणी पाजलं. अलीचा जबडा मोडणारा केन नॉर्टनसुद्धा फोरमनसमोर दोन राउंड टिकला नाही. अली आणि फोरमन भेटलेच नसते, तर आज आपण सगळे कागदावर फोरमनलाच विजयी ठरवलं असतं!

कॉम्प्युटरनेही कौल दिलाय म्हणे. 1970 मध्ये अली आणि जुना हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो यांची कॉम्प्युटरच्या हिशेबावर बनवलेली लढत दाखवली गेली, त्यात मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये जिंकला. तो आधार म्हणून सांगणाऱ्यांनी एवढं बघावं की मार्सियानो जेमतेम 85 किलोचा, अलीपेक्षा बराच हलका होता.

मला खरा जीव लावणारा सामना मात्र जुन्या काळातला शुगर रे रॉबिन्सन विरुद्ध अलीकडचा फ्लॉइड मेवेदर यांचा. इथे वजन जवळपास एकच, 66-67 किलो, म्हणून नियमांवर सगळं येऊन ठेपतं. फेब्रुवारी 1943 मध्ये रॉबिन्सन 5 तारखेला जेक लामोटाकडून हरला, 19 ला दुसऱ्याशी लढून जिंकला आणि 26 ला पुन्हा लामोटासमोर उभा राहून त्याला हरवलं. तीन आठवड्यांत तीन लढती! मेवेदरच्या सगळ्या मिळून 50, त्याही 21 वर्षांत. मेवेदर कमी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. खांद्याआड हनुवटी लपवून समोरच्याला हवेत ठोसे मारायला लावणं त्याच्याइतकं सुंदर मी कुणाचं बघितलेलं नाही. पण 1982 मध्ये रे मॅन्सिनीशी लढल्यानंतर कोरियाचा बॉक्सर किम डुक-कू मरण पावला आणि पुढे 15 राउंडच्या जागी 12 आले. वजनही आता आदल्या दिवशी करतात, म्हणजे लढतीपर्यंत खाऊन-पिऊन ताकद परत मिळवता येते.

म्हणून 12 राउंड आणि आदल्या दिवशी वजन असेल तर मेवेदर एखाद-दुसऱ्या राउंडने निसटेल. 15 राउंड आणि त्याच सकाळी वजन असेल तर रॉबिन्सन, गुणांवर, तेराव्या राउंडपासून पुढे खेचून.