फाउलर, बाळू आणि नानाकाका

"खेळात जात आणू नका." घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नानाकाकांचा आदेश. पुण्यातल्या भाच्याने पालवणकर बाळूंवर चार ओळी टाकल्या होत्या, एवढंच निमित्त. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेला हा चांभार समाजातला गोलंदाज. पुण्यात त्याने टाकलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात.

मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला राहतो. बेसबॉल अजून अर्धाच कळतो, तरी पाहुणे आले की त्यांना कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात न्यावंच लागतं. तिथे बड फाउलरची पाटी आहे. मूळ नाव जॉन जॅक्सन, न्हाव्याचा मुलगा, वाढला याच गावात. 1878 मध्ये पैसे घेऊन खेळणारा, माहीत असलेला पहिला काळा खेळाडू. हंगाम संपला की केस कापून पोट भरायचा. 1887 मध्ये बिंगहॅम्टनकडून खेळताना त्याची फलंदाजीची सरासरी .350 होती (बेसबॉलमध्ये ही फार झाली!). संघातले गोरे म्हणाले, याच्याबरोबर उतरणार नाही. गेला तो. त्याच वर्षी जुलैत, तो संघ जिच्यात खेळायचा त्या लीगने ठरवून टाकलं, यापुढे काळ्यांशी नवे करार नाहीत. पुढे त्याने मिशिगनमध्ये काळ्या खेळाडूंचाच संघ उभा केला. संघ स्वतःच्या रेल्वे डब्यातून फिरायचा, झोपायचाही त्यातच, कारण हॉटेलं दारात उभं करत नव्हती.

पाटीचा फोटो मी ग्रुपवर टाकला. नानाकाकांचं लगेच उत्तर: "फार वाईट रे हा वर्णभेद."

यावर 'बघा, अमेरिका निदान चूक कबूल करते' असं लिहिणार होतो. पण फाउलर वारला 1913 मध्ये. कबरीवर दगड आला 1987 मध्ये, तोही बेसबॉलच्या इतिहासवेड्यांनी बसवला म्हणून. त्याच्याच गावातल्या संग्रहालयाने त्याला सन्मानितांत घेतलं 2022 मध्ये. कसली फुशारकी मारू?

आणि आमचं इथलं मराठी मंडळ? गेल्या गणपतीत नवीन आलेल्या एका मुलाला मीच नाव विचारलं. त्याने नुसतं नाव सांगितलं. मी म्हटलं, "आणि आडनाव?" माझ्या हातात प्रसादाची वाटी होती. त्याने ती घेतली, आणि मग आडनाव सांगितलं.