‘ईएसआय म्हणजे नुसत्या गोळ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या कामगारांच्या मोबाइलवर ईएसआयबद्दल, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘ईएसआय म्हणजे पगाराला कात्री आणि बदल्यात नुसत्या गोळ्या. आजारपणाची रजा बिनपगारीच जाते आणि दाखला पुढे केला की मालक घरी बसवतो.’ तो वाचून आमच्या शॉपमधली दोन पोरं नाव काढून घ्यायला निघाली, म्हणून हे लिहितोय.

कात्री केवढी? पाऊण टक्का. 15,000 पगाराला महिन्याला 113 रुपये. मालक वर सव्वातीन टक्के भरतो. आणि योजना लागू असलेल्या ठिकाणी पगार 21,000 पर्यंत असेल, तर नाव काढायची सोयच नाही.

‘रजा बिनपगारी’ हे तर साफ खोटं. सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर विम्याच्या डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के भत्ता मिळतो. रोज 500 पडत असेल तर 350. आजार लांबला तरी वाट बंद होत नाही. टीबी, कॅन्सर धरून 34 दीर्घ आजारांत जुन्या कामगाराला 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या काकांना टीबी झाला तेव्हा घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. पासबुकात जमा झालेल्या रकमेवर बोट ठेवून त्यांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. बाळंतपणात कामगार बाईला 26 आठवडे पूर्ण पगाराइतका भत्ता मिळतो, तोही याच कपातीतून.

आता मालकाची भीती. भत्ता मालकाच्या खिशातून जातच नाही. तो ही योजना चालवणारं सरकारी महामंडळ देतं, थेट बँक खात्यात. भत्ता चालू असताना कामावरून काढायला कायद्यानेच मनाई आहे. दाखल्याची झेरॉक्स मात्र स्वतःजवळ ठेवा आणि रजेत दुसरीकडे कामाला जाऊ नका, भत्ता बुडेल.

खरं काय आहे तेही सांगतो. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत. दवाखान्यातली रांग अर्धा दिवस खाते. आणि सगळ्यात मोठी उणीव त्या मेसेजमध्ये आलेलीच नाही: आई अंथरुणाला खिळली, लेकरू तापाने फणफणलं, तर त्यांच्या सेवेसाठी घरी थांबणाऱ्याला या योजनेत एक रुपया नाही. नव्या बापालाही नाही. ही मागणी लिहून फिरवा, सह्या गोळा करायला मी येतो.