गाजराचे वकीलपत्र आणि बाहुल्यांची साक्ष

आमच्या घरात डोळ्यांचे खाते स्वयंपाकघराकडे आहे. वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हा आईने मंडईतून गाजरे आणवली आणि कोशिंबीर, पराठा, हलवा अशा निरनिराळ्या वेषांत ती माझ्या ताटात हजेरी लावू लागली. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो, हे खरेच आहे. परंतु ज्याला ती कमतरता मुळातच नाही, त्याने गोणीभर गाजरे खाल्ली तरी चाळिशी टळत नाही, कारण वयोमानाने डोळ्यातले भिंग ताठर होते आणि त्याची समजूत घालणे गाजराच्या आवाक्यातले नसते. गाजराची कीर्ती दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वाढवली. रात्री शत्रूची विमाने पाडणाऱ्या जॉन कनिंगहॅम या वैमानिकाचे श्रेय त्यांनी गाजरांना दिले आणि विमानातले रडार गुलदस्त्यात ठेवले. हे मी जेवताना सांगितले, तेव्हा "मग आता रडार शिजवू का?" असे विचारून आईने शेवग्याच्या पाल्याची भाजी वाढली. पालेभाज्यांतले ल्यूटीन दृष्टिपटलाला उपयोगी पडते आणि ते अंगी लागायला थोडे तेल लागते, असे सांगून मी फोडणीत वाढ मागितली. ती मागणी कोलेस्टेरॉलच्या सबबीवर फेटाळण्यात आली.

अखेर मुलीने परस्पर नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली. तिथे हनुवटी टेकवून सरळ रस्त्याच्या टोकाचा रंगीत फुगा पाहायचा असतो, आणि तो छान दिसू लागेपर्यंत दुसरे यंत्र डोळ्यावर हवेचा फुत्कार सोडते. डोळ्याचा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असावा, असे कळले. रक्तदाब त्या क्षणी कोणी मोजला नाही, हे बरे झाले. मग जड चौकट नाकावर चढवून भिंगे बदलत "हे स्पष्ट, की हे?" ही उलटतपासणी सुरू झाली. मला दोन्ही सारखीच दिसत होती, पण तसे म्हणणे म्हणजे अभ्यास न केल्याची कबुली वाटून मी आळीपाळीने पहिले आणि दुसरे निवडत राहिलो. त्या चाचणीत दोन्ही सारखी दिसणे हेच हवे असलेले उत्तर असते, हे तंत्रज्ञबाईंनी फार उशिरा सांगितले.

त्यानंतर बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून मला डोळे मिटून बसवण्यात आले. काचबिंदू बहुधा न दुखता कडेची दृष्टी आधी नेतो आणि गेलेली परत मिळत नाही, तर मधुमेही माणसाने दृष्टिपटल दर वर्षी तपासून घ्यायला हवे, असे डॉक्टरांनी समजावले. माझी साखर काठावर असल्याने मी निमूट मान डोलावली. "पालेभाज्या चालू ठेवा, तपासणीही चुकवू नका," या त्यांच्या वाक्यातला पूर्वार्ध तेवढा मुलीने तिथूनच फोन करून आईला कळवला.

बिल हाती आले, तेव्हा जवळचे काहीच वाचता येत नसल्याने ते मी मुलीकडे दिले. आकडा मला दिसला असता, तर बाहुल्या थेंबांवाचूनही विस्फारल्या असत्या.